मोजायचं की दुरुस्त करायचं?

आपल्या मंडळाचा ऑनलाइन वाचनकट्टा महिन्यातून एकदा भरतो, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यात ग्वाल्हेरहून एक निवृत्त शिक्षिका नेमाने येतात. आम्ही सगळे त्यांना आजी म्हणतो. नाताळच्या सुट्टीनंतरच्या कट्ट्यावर मी वाचत होते आणि आजी मध्येच म्हणाल्या, "अगं, थोडं सावकाश वाच. शब्द तुटतात. माझे कान गेले आता बहुतेक." मी सावकाश वाचलं. शब्द तुटतच राहिले. त्या प्रश्न विचारायच्या, इकडे शांतता. मग आम्ही उत्तर द्यायला लागायचो आणि नेमका त्याच वेळी त्यांचा पुढचा प्रश्न यायचा. शेवटी त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळेपासून मी नुसतं वाचून घेईन. ऐकण्याचं वय गेलं."

त्यांच्या कानांना काही झालेलं नव्हतं. दोष आमच्या मंडळाच्या खोलीतल्या इंटरनेटचा होता. तो शोधताना आमच्यात जो वाद झाला, त्यावर हा लेख आहे. वादाचा विषय एका ओळीत सांगता येतो: आधी नीट मोजायचं, की आधी दुरुस्त करायचं?

मी साहित्याची विद्यार्थिनी. तांत्रिक गोष्टी मला शिकून घ्याव्या लागल्या, आणि ज्या क्रमाने मी त्या शिकले त्याच क्रमाने इथे सांगते आहे.

वेग म्हणजे नक्की काय?

आम्ही पहिली गोष्ट केली ती सगळेच करतात तीच. स्पीड टेस्ट लावली. डाउनलोड ४० एमबीपीएसच्या आसपास, अपलोड ४.८. कोषाध्यक्ष म्हणाला, "प्लॅन वाढवू." वर्गणीतून पैसे काढून १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला. पुढच्या चाचणी-कॉलवर आवाज तसाच तुटला.

आपण 'वेग' म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबतो, हे इथे पहिल्यांदा कळलं. एक गोष्ट म्हणजे एका सेकंदात किती माल जातो. दुसरी म्हणजे एक वस्तू इथून निघून तिथे पोचायला किती वेळ लागतो. रायबंदर–चोडण फेरीबोट आठवा. एका खेपेत बोटीवर किती गाड्या मावतात, हा झाला पहिला आकडा. तुम्ही धक्क्यावर आल्यापासून पलीकडे उतरेपर्यंत किती मिनिटं गेली, हा दुसरा. बोट मोठी केली म्हणून धक्क्यावरची रांग आपोआप संपतेच असं नाही.

पणजी ते ग्वाल्हेर सरळ रेषेत साधारण १,२५० ते १,३०० किलोमीटर. काचेच्या तंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे सरळ तार टाकली असती तर आमचा शब्द आजींपर्यंत ६–७ मिलिसेकंदांत पोचला असता. प्रत्यक्षात तारा वळणं घेत जातात आणि वाटेत यंत्रं असतात, म्हणून त्याच्या काही पट वेळ धरा. तरीही तो पापणी लवण्याच्या आतला वेळ. दूरध्वनीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण सहज चालतं. ४०० च्या पुढे गेला तर तो स्वीकारण्याजोगा मानत नाहीत. आमच्याकडे दोन माणसं एकमेकांवर आदळत होती, म्हणजे उशीर त्याहून कितीतरी मोठा होता. तो येत कुठून होता?

धक्क्यावरची रांग

इंटरनेटवरचा सगळा मजकूर लहान लहान पॅकेटांतून जातो. एका पॅकेटात साधारणपणे जास्तीत जास्त १,५०० बाइट. घरातल्या राउटरकडे पॅकेटं भराभर येतात, पण बाहेरची वाट अरुंद असते. म्हणून जास्तीची पॅकेटं राउटर आपल्या स्मृतीत रांगेत उभी करतो. या जागेला बफर म्हणतात. थोडा बफर हवाच. अचानक दहा पॅकेटं एकदम आली तर ती फेकून द्यायची नसतील, तर उभी करायला जागा लागते.

पण जागा किती असावी? इथे साधं गणित करून पाहा. आमचं अपलोड सुमारे ५ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ५० लाख बिट. राउटरचा बफर १ मेगाबाइटचा असेल तर त्यात ८० लाख बिट मावतात. तो भरला की शेवटच्या पॅकेटाला बाहेर पडायला १.६ सेकंद लागणार. आजींसाठी निघालेला माझा शब्द त्या रांगेच्या शेवटी उभा राहणार.

पण रांग भरते कोण? इथे टीसीपीचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. फाइल पाठवणारा संगणक आधी हळू सुरुवात करतो, मग वेग वाढवत जातो. कुठेतरी पॅकेट हरवलं की त्याला कळतं, 'वाट भरली', आणि तो वेग कमी करतो. म्हणजे पॅकेट हरवणं ही तक्रार नसते, ती बातमी असते. बफर प्रचंड असला तर पॅकेट हरवतच नाही, रांगेत उभं राहतं. बातमी वेळेवर जात नाही. पाठवणारा वेग वाढवतच राहतो आणि रांग लांबत जाते. फेरीच्या धक्क्यावर दोनशे गाड्या उभ्या राहतील एवढं पटांगण बांधलं, तर कुणालाच परत पाठवावं लागणार नाही. त्यामुळे 'आज दुसऱ्या रस्त्याने जा' हे मागच्यांना कळणारही नाही, आणि सगळे उन्हात उभे राहतील.

आमच्या खोलीत नेमकं हेच झालं होतं. कट्टा चालू असताना कोपऱ्यातल्या संगणकावरून नाताळच्या कार्यक्रमाचे फोटो आणि व्हिडिओ ड्राइव्हवर चढत होते. व्हिडिओला दोन सेकंद उशीर झाला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. पण त्याच रांगेत माझा आवाज होता. नव्या प्लॅनने डाउनलोड वाढलं, अपलोड ५ वरच राहिलं. आम्ही पैसे देऊन चुकीची बाजू रुंद केली होती.

या दुखण्याला 'बफरब्लोट' असं नाव आहे. अमेरिकेतले सॉफ्टवेअर अभियंता जिम गेटिस यांना २०१० मध्ये आपल्या घरच्या जोडणीवर ते आढळलं आणि त्यांनी त्यावर जाहीरपणे लिहायला सुरुवात केली. स्मृती स्वस्त झाली तशी यंत्रं बनवणाऱ्यांनी बफर वाढवत नेले, कारण पॅकेट हरवणं म्हणजे दोष अशी समजूत होती. खरं तर स्मृती अमर्याद दिली तरी कोंडी सुटत नाही, हे जॉन नेगल यांनी १९८५ मध्येच एका टिपणात दाखवलं होतं. ते विसरलं गेलं.

आमचा वाद

संगणक विभागातला आमचा एक मित्र मदतीला आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एक आठवडा थांबा. दर तासाला मोजू. आलेख काढू. मगच हात लावू."

मी चिडले. कट्टा चार दिवसांवर होता. आठवडाभर मोजत बसलो तर तो कट्टाही तसाच जाणार, आणि आजी कदाचित पुन्हा येणारच नाहीत. मी म्हटलं, "तुला आकडे हवेत, मला माणूस हवं आहे. राउटरमध्ये जे काय बदलायचं ते आजच बदल."

त्याने शांतपणे विचारलं, "आणि आवाज सुधारला तर तो कशामुळे सुधारला, हे कसं कळणार? प्लॅन वाढवलात तेव्हा तुम्ही राउटरची जागाही बदललीत, वायरही बदललीत. त्यातल्या कशाने काय झालं, सांगता येईल?"

सांगता येणार नव्हतं. तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, आणि हातात होता फक्त 'तसंच आहे' हा अनुभव.

नंतर वाचताना कळलं की हा वाद आमच्या खोलीपुरता नाही. २०११ च्या सुमाराला अमेरिकेत दोन कामं शेजारी-शेजारी चालू होती. एक बिस्मार्क नावाचा प्रकल्प, जॉर्जिया टेक आणि नेपल्स विद्यापीठातल्या संशोधकांचा. लोकांच्या घरी राउटर बसवायचे आणि त्यातून घरगुती इंटरनेट कसं चालतं हे सतत मोजायचं. दुसरा सेरोरिट, जिम गेटिस, डेव्ह टॅट आणि त्यांच्या स्वयंसेवक सहकाऱ्यांचा. राउटरमधलं सॉफ्टवेअरच बदलून बफरब्लोट घालवायचा. दोन्ही ओपनरिट या मुक्त प्रणालीवर उभे होते.

यंत्र तेच, पाया तोच, पण गरजा उलट. मोजणाऱ्याला यंत्र महिनोन्‌महिने जसंच्या तसं हवं असतं. मधेच काही बदललं तर मागचे आणि पुढचे आकडे एकमेकांशी बोलत नाहीत. दुरुस्त करणाऱ्याला रोज नवा प्रयोग हवा असतो. काल चुकलं ते आज बदलायचं. शिवाय मोजणारा म्हणतो, लोकांच्या घरी आहे तेच मला पाहायचं आहे, मीच ते सुधारलं तर मी मोजलं काय? आणि दुरुस्त करणारा म्हणतो, त्रास दिसत असताना नुसता टिपून ठेवणं मला जमणार नाही. मला दोघांचंही पटतं. अडचण तिथेच आहे.

मोजण्याचाही भार असतो

मित्राच्या 'दर तासाला मोजू' या सूचनेत एक गोम होती, ती त्यालाच आधी लक्षात आली. स्पीड टेस्ट वाट मुद्दाम पूर्ण भरते. भरल्याशिवाय किती मावतं ते कळणार कसं? ४० एमबीपीएसच्या जोडणीवर दहा सेकंदांची चाचणी म्हणजे ४०० मेगाबिट, म्हणजे ५० मेगाबाइट. दर तासाला एक, तर दिवसाला १.२ गिगाबाइट. मोबाइलच्या रोजच्या मर्यादित डेटावर जगणाऱ्याचा दिवस त्यातच संपेल. आणि चाचणी चालू असताना कुणी कॉलवर असेल तर त्याचा आवाज तुटेल. रोग मोजण्याचं साधनच रोगात भर घालेल.

दुसरी गोम जास्त खोल आहे. आपण जे मोजतो, लोक तेच सुधारायला लागतात. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल लिहिताना हा धोका सांगितला: एखादं मोजमाप नियंत्रणासाठी वापरायला लागलो की ते मोजमाप म्हणून भरवशाचं राहत नाही. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. पाच गुणांच्या रसग्रहणासाठी ठरावीक मुद्दे पाठ करून कवितेला न शिवता पाचपैकी चार मिळवणारे आपल्यातच आहेत. मीसुद्धा मिळवले आहेत.

इंटरनेटच्या जाहिरातीत, बिलावर आणि स्पीड टेस्टच्या पडद्यावर अनेक वर्षं एकच मोठा आकडा होता, एमबीपीएसचा. नियामकही त्याच दिशेने पाहत होते. अमेरिकेच्या एफसीसीने २०११ मध्ये घराघरांत मापनयंत्रं बसवून पहिला अहवाल काढला, तेव्हा सगळ्यांचं लक्ष जाहिरातीतला वेग प्रत्यक्षात मिळतो का याकडे होतं. आपल्याकडे ट्रायने २०१६ मध्ये 'मायस्पीड' ॲप आणलं, त्याच्या नावातच स्पीड आहे. हे प्रयत्न वाईट नव्हते. पण विक्रीचा आकडा एमबीपीएस असेल तर यंत्र बनवणारा एमबीपीएस सुधारणार. मोठ्या बफरमुळे पॅकेटं हरवत नाहीत आणि वाट सतत भरलेली राहते, त्यामुळे स्पीड टेस्ट छान येते. म्हणजे ज्या गोष्टीने आजींचा आवाज तुटत होता, तीच गोष्ट मापात गुण मिळवून देत होती.

ज्याने मोजलं त्यानेच दुरुस्त केलं

मग दोन्ही एकत्र कधी जमलंच नाही का? जमलं आहे, आणि ती गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत आवडली.

ऑक्टोबर १९८६. अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ. दोन्हींमध्ये अंतर सुमारे ४०० यार्ड. त्यांच्यामधला वेग ३२ हजार बिट प्रतिसेकंदावरून अचानक ४० बिटांवर घसरला. इंटरनेटवरच्या महाकोंडीचा हा पहिला प्रसिद्ध प्रसंग. व्हॅन जेकबसन तेव्हा त्या प्रयोगशाळेत होते. त्यांनी आणि मायकेल कॅरेल्स यांनी कारण शोधलं आणि पाठवणाऱ्याने वेग कसा वाढवावा, कसा आवरावा याचे नियम टीसीपीत घातले. वर मी टीसीपीचा जो स्वभाव सांगितला तो तिथून आला. जेकबसन यांचा त्यावरचा प्रसिद्ध लेख १९८८ चा आहे.

पॅकेटं प्रत्यक्ष काय करतात ते पाहायचं 'टीसीपीडंप' आणि वाटेत कुठे किती वेळ जातो ते दाखवणारं 'ट्रेसराउट' ही आजही रोज वापरली जाणारी दोन साधनं आहेत. पहिलं जेकबसन आणि त्यांच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनी लिहिलं, दुसरं स्वतः जेकबसन यांनी. म्हणजे दुरुस्ती करणारा आणि मोजपट्टी बनवणारा माणूस एकच होता. त्याने मोजलं ते आलेख काढायला नव्हे, दुरुस्तीसाठी जेवढं पाहायला हवं तेवढं पाहायला.

पुढची गोष्ट याहून बोलकी आहे. रांगा आवरण्यासाठी १९९३ मध्ये सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी एक पद्धत मांडली, तिचं नाव 'रेड'. रांगेत सरासरी किती पॅकेटं आहेत ते पाहून ती आधीच एखादं पॅकेट टाकून द्यायची. पण तिचे आकडे प्रत्येक जोडणीसाठी हाताने बसवावे लागत, ते अवघड होतं, आणि बहुतेक ठिकाणी ती बंदच राहिली. मोजलं जात होतं रांगेची लांबी. पण लांब रांग नेहमी वाईट नसते. वाट रुंद असेल तर शंभर गाड्यांची रांगही क्षणात सरकते.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी 'कोडेल' आणलं. त्यात मोजायची गोष्टच बदलली. किती पॅकेटं उभी आहेत ते विचारायचं नाही; प्रत्येक पॅकेट रांगेत किती वेळ उभं होतं ते पाहायचं. पॅकेट आत येताना वेळ टिपायची, बाहेर पडताना फरक काढायचा. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकही पॅकेट ५ मिलिसेकंदांच्या आत सुटलं नसेल, तर ही रांग तात्पुरती गर्दी नव्हे, मुक्काम ठोकलेली गर्दी आहे असं समजायचं आणि एक पॅकेट टाकून द्यायचं. पाठवणाऱ्याला बातमी पोचते. तरी रांग हटली नाही तर बातम्या जास्त लवकर लवकर द्यायच्या. इथे मोजणं आणि दुरुस्त करणं ही दोन खाती उरतच नाहीत. मोजल्याशिवाय दुरुस्ती होत नाही, आणि दुरुस्तीला लागणार नाही असं काही मोजलंच जात नाही.

याच्या जोडीला एरिक ड्युमाझे यांनी लिनक्समध्ये 'एफक्यू-कोडेल' लिहिलं. त्यात वेगवेगळ्या प्रवाहांना वेगवेगळ्या रांगा मिळतात, म्हणजे व्हिडिओच्या ट्रकांमागे आवाजाची स्कूटर अडकत नाही. २०१२ पासून ते लिनक्समध्ये आहे, ओपनरिटमध्येही आलं, आणि २०१८ मध्ये दोन्ही पद्धतींची अधिकृत इंटरनेट टिपणं प्रसिद्ध झाली.

आम्ही काय केलं

शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. आठवडा नाही आणि शून्यही नाही. दहा मिनिटं.

पहिली पाच मिनिटं नेटवर कुणी काही करायचं नाही आणि पिंग चालवायचं. पिंग म्हणजे एक छोटं पॅकेट पाठवून परत यायला किती वेळ लागला ते पाहणं. माइक म्यूस यांनी ते १९८३ मध्ये लिहिलं आणि पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. भार त्याचा नगण्य. पुढची पाच मिनिटं तेच पिंग, पण एक मोठा व्हिडिओ अपलोडला लावून. मोकळ्या वाटेवर उत्तर ३० मिलिसेकंदांच्या आसपास येत होतं. अपलोड सुरू झालं आणि आकडे चढत १,५०० च्या वर गेले. दुखणं कुठे आहे हे कळायला एवढंच पुरलं.

मग मित्राने घरातला एक जुना राउटर आणला, त्यात ओपनरिट घातलं, एफक्यू-कोडेल चालू केलं आणि अपलोडची मर्यादा ५ ऐवजी ४.५ एमबीपीएस ठेवली. हे का, तर रांग सेवा देणाऱ्याच्या यंत्रात नको, आपल्या राउटरमध्ये लागायला हवी. तरच ती आपल्या ताब्यात राहते. पुन्हा तीच दहा मिनिटं, तीच चाचणी, दुसरं काहीही न बदलता. अपलोड चालू असताना पिंग ४० ते ५० मिलिसेकंद.

कोषाध्यक्षाने मात्र आपल्या सवयीने स्पीड टेस्ट लावली. अपलोड ४.८ वरून ४.३ वर आलेलं. "म्हणजे आधी पैसे देऊन वेग वाढवला आणि आता फुकटात कमी केला?" असं तो म्हणाला, आणि त्याचं म्हणणं त्या आकड्यापुरतं बरोबर होतं. आम्ही फक्त स्पीड टेस्ट मोजत आठवडा काढला असता, तर ही दुरुस्ती बिघाड म्हणून नोंदली गेली असती.

आता मापंही बदलत आहेत. फास्ट डॉट कॉम मोकळ्या आणि भरलेल्या वाटेवरचा उशीर वेगवेगळा दाखवतं. ॲपलने २०२१ मध्ये, भरलेल्या वाटेवर मिनिटाला किती फेऱ्या होतात असं माप आणलं. ५० मिलिसेकंदांची फेरी असेल तर १,२००, दीड सेकंदाची असेल तर फक्त ४०. आकडा मोठा तितकं चांगलं, त्यामुळे जाहिरातीतही शोभेल. शहाणपण आहे त्यात. लोक मापामागे धावणारच असतील तर माप तरी असं द्यावं की त्याच्यामागे धावून आजींचं भलं होईल.

या उपायाची मर्यादाही सांगायला हवी. अडथळा आपल्या राउटरपाशी असेल तरच तो चालतो. आजी मोबाइलवर आहेत. तिकडच्या टॉवरपाशी रांग लागली तर आमचा राउटर काही करू शकत नाही. म्हणून त्यांच्यापर्यंतचा पूर्ण रस्ता मोजायचा होता, आणि त्यांना पिंग चालवा असं कसं सांगणार? मी कट्ट्याच्या सुरुवातीला म्हटलं, "आजी, मी टाळी वाजवते. ऐकू आली की तुम्ही वाजवा." मित्राने घड्याळ धरलं. दुरुस्तीच्या आधी एकदा हेच करून पाहिलं होतं, तेव्हा त्यांची टाळी दोन सेकंदांनंतर आली होती. या वेळी मी हात खाली घेते न घेते तोच आली. अपलोड तेव्हाही चालूच ठेवलं होतं, मुद्दाम. आजींनी आणखी दोनदा वाजवून पाहिली आणि म्हणाल्या, "कान शाबूत आहेत म्हणायचे माझे." त्या दिवशी त्या ऐकायला थांबल्या, आणि शेवटी स्वतःही वाचलं.

आमच्याकडे कुमसाराला जाण्याआधी आत्मपरीक्षण करायला सांगतात. त्याशिवाय गेलं तर सांगायचं काय तेच कळत नाही. पण कुणी बाकावर बसून चुका मोजतच राहिला, आत गेलाच नाही, तर त्यालाही अर्थ नाही. किती तपासावं आणि केव्हा उठावं याचं कोष्टक कुणी देत नाही. मला आता एवढंच वाटतं: मोजण्याआधी विचारावं की या आकड्याने मी काय वेगळं करणार आहे. उत्तर नसेल तर तो आकडा राहू द्यावा. आणि दुरुस्त करण्याआधी विचारावं की सुधारलं हे मला कशावरून कळेल. उत्तर नसेल तर दहा मिनिटं थांबावं. आणि वाट पाहण्याची किंमत कोण मोजतं आहे, हे दोन्ही वेळी लक्षात ठेवावं. मित्राच्या आठवड्याची किंमत आम्ही मोजणार नव्हतो, आजी मोजणार होत्या.

ऑनलाइन तोंडी परीक्षेत 'तू अडखळतेस' असं ऐकलेल्या मुली, 'मला तंत्रज्ञान जमत नाही' म्हणणारे शिक्षक, 'ऐकण्याचं वय गेलं' म्हणणारी माणसं. यांच्यातल्या कितीजणांचा दोष एखाद्या राउटरच्या रांगेत उभा असेल. तुमच्या घरी करून पाहा: एकदा नुसतं पिंग, एकदा अपलोड चालू ठेवून पिंग. दोन आकडे कागदावर लिहा. फरक मोठा निघाला तर मंडळाच्या खोलीत या. मित्राने आणखी दोन जुने राउटर जमवले आहेत, आणि कोषाध्यक्ष आता टाळी वाजवून वेग मोजतो.